मिसळणाच्या डब्यातले स्क्रू

आमची गाडी म्हणजे एक उंच, जुनाट एसयूव्ही. नागपुरात प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत तिचा आवाज आला की लोक न बघताच बाजूला होतात. गेल्या हिवाळ्यात तिच्या ड्रायव्हरकडच्या दाराची काच खाली गेली, ती वर यायलाच तयार होईना. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबांना आता गाडी चालवू देऊ नका. विसरण्याचा आजार सुरू झाला होता. पारशिवनीला आत्याकडे निघालेले बाबा सावनेरच्या बाजूला भटकले होते आणि एका पंपावर उभे राहून, आपण कुठे निघालो होतो, हे मलाच फोनवर विचारत होते.

पण हे त्यांना सांगणार कोण? भाऊ पुण्याला. त्याने फोनवर सल्ला दिला, किल्ली लपवून ठेव. लांबून बोलायला काय जातं! ज्या माणसाने मला क्लच सोडायला शिकवला, त्याच्या खिशातून किल्ली काढायची माझी छाती होत नव्हती. खरं म्हणजे मला डॉक्टरांचाच राग आला होता.

बाबा म्हणाले, काच मीच दुरुस्त करतो. मी लगेच हो म्हटलं, आणि मनाशी ठरवून टाकलं. दाराचं आतलं पॅनल त्यांनी काढलं, काम केलं आणि सगळं जसंच्या तसं बसवलं, तर किल्लीचा विषय काढायचा नाही. डॉक्टर गेले उडत. हा शुद्ध वेडेपणा होता हे मला कळत होतं. तरी दुसरा काही आधार सापडत नव्हता.

बाबांची गाडी उघडायची रीत ठरलेली. आईने कधीतरी नवा मिसळणाचा डबा घेतला आणि जुना बाबांना देऊन टाकला. तेव्हापासून त्यात स्क्रू. जो स्क्रू आधी निघेल तो पहिल्या वाटीत, मग डावीकडून उजवीकडे एकेक वाटी, आणि मधल्या वाटीत प्लास्टिकच्या क्लिपा. बसवताना उलट्या क्रमाने यायचं. आईला जाऊन बरेच दिवस झाले, पण त्या वाट्यांच्या तळाची हळद अजून गेलेली नाही. बाबांच्या स्क्रूंनासुद्धा जिऱ्याचा वास येतो, असं ती चिडवायची.

आम्ही दोघं रिक्षाने जरीपटक्याच्या बाजारात जाऊन काच वर-खाली करणारी नवी मशीन घेऊन आलो. दुकानदाराशी हिंदीतून हुज्जत घालताना बाबा इतके पहिल्यासारखे होते की मी उगाचच खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ऊन आल्यावर त्यांनी काम काढलं. आतल्या हँडलमागचा स्क्रू, मग हात टेकायच्या गादीतले लांब स्क्रू, मग कडेचे आखूड. उलथन्याला फडकं गुंडाळून त्यांनी ते पॅनलच्या फटीत घातलं आणि हलकेच वर उचललं. नागपूरच्या उन्हाळ्यांनी प्लास्टिक पार कडक झालं होतं. एक क्लिप कटकन तुटली.

"काहून टेन्शन घेऊन राहिली वं?" बाबा हसले. "क्लिपा तं तुटतेच. जुनी गाडी आहे."

पॅनल निघालं. आत धूळ, गंज आणि डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. जुनी मशीन त्यांनी काढली, नवी बसवली, काच वर घेतली. हात कुठेच चुकत नव्हते. मी पायरीवर बसून कॉपी करणाऱ्या पोरावर ठेवावी तशी नजर ठेवून होते, आणि त्याची मला लाजही वाटत होती. आम्ही जेवायला उठलो तेव्हा फक्त पॅनल लावायचं राहिलं होतं.

आत्या तेव्हा आमच्याकडेच राहायला आली होती. बाबांची धाकटी बहीण. आम्ही जेवल्यावर आडवे झालो आणि ती उन्हात बसायला अंगणात गेली. थोड्या वेळाने आम्ही उठून बाहेर आलो, बाबांनी डबा उघडला आणि एकेक स्क्रू पिळत पॅनल बसवून टाकलं. मी बघितलं, कुठे फट नाही, काही सैल नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"पाय आता कशी चालते काच," म्हणत त्यांनी बटण दाबलं. काच अर्ध्यापर्यंत सरसर खाली आली, आतून करकर असा आवाज झाला आणि सगळी काच खडीसाखरेसारखी फुटून त्यांच्या पायांवर पडली.

"अवं माय! लागलं का गा भाऊ?" आत्या धावत आली.

लागलं नव्हतं. बाबांनी कडेचा एक स्क्रू उलटा पिळून काढला. तो गादीतला लांब स्क्रू होता. आखूडच्या जागी बसल्यामुळे त्याचं टोक आत काचेच्या वाटेत आलं होतं. बाबांनी तो तळहातावर घेऊन बघितला. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि ते आत निघून गेले. काचा झाडताना मला रडू आवरेना.

संध्याकाळी मी चहा करत असताना आत्या सहज म्हणाली, "दुपारी मी तो डबा नीट लावून देल्ला होता वं. काळे एकीकडं, चमकणारे एकीकडं. वैनीच्या डब्यात किती पसारा करून ठेवला होता भाऊनं!"

मी गॅस बंद केला. आत्या कोणाच्याही घरी गेली की मिसळणाचा डबा आधी आपल्या पद्धतीने लावते, हे सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. तिने लांब-आखूड बघितलंच नव्हतं, फक्त रंग बघून तूरडाळ निवडावी तसे स्क्रू निवडून टाकले होते. म्हणजे चूक बाबांची नव्हतीच! मी किल्ली घेऊन धावतच त्यांच्या खोलीत गेले.

"बाबा, तुमचं काही चुकलं नाही. डबा आत्यानं हलवला होता."

ते पलंगावर बसले होते. "मले मालूम आहे," ते शांतपणे म्हणाले. "मी खिडकीतून पायलं होतं."

"मग?"

"मंग काय? लांब स्क्रू हातात आला होता, बेटा. पिळतच गेलो, पिळतच गेलो. पहिले असतं तर डोळे मिटून समजलं असतं. आज समजलंच नाही." त्यांनी माझी मूठ किल्लीवर मिटवली. "ठेव तुह्याजवळ. काच बसवून आण. पारशिवनीले तू घेऊन चाल, मी बाजूले बसतो."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता आणि मला फार वाईट वाटत होतं, पण थोडं हलकंही वाटत होतं. डॉक्टरांना, भावाला आणि मला न जमलेली गोष्ट त्यांनी स्वतःच करून टाकली होती. मग मी चहा गाळायला स्वयंपाकघरात गेले.

कप भरत होते तेवढ्यात बाबा दारात आले. अंगात स्वेटर, पायांत चपला. दोन्ही हातांनी ते आपले खिसे चाचपत होते.

"गाडी जरा फिरवून आणतो," ते म्हणाले. "माही किल्ली पायली का वं कुठं?"