अलास्काच्या गाळाच्या सात बादल्या

सातही बादल्या शुक्रवारी फेका, असं बॉसने सांगितलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत चिखलात होते. नवा माल येणार होता, जागा हवी होती.

डॅलसजवळच्या एका लॅबमध्ये मी प्रेपरेटर आहे. म्हणजे खडकातून जीवाश्म सोडवून स्वच्छ करायचे. डिग्री नाही हो माझ्याकडे. व्हॉलंटियर म्हणून गेले, बघत बघत शिकले.

बादल्यांतला चिखल अलास्काच्या पार उत्तरेचा. तिथे नदीकाठी गाळाचे खडक आहेत, डायनोसॉरच्या हाडांनी भरलेले. ते प्राणी फक्त उन्हाळ्यात येत, की हिवाळ्याच्या लांबलचक अंधारातही तिथेच राहत? राहत, असं आमच्या अनिकाचं म्हणणं. ही इथेच जन्मलेली मराठी मुलगी, पीएचडी करते. पण पुरावा हवा नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा. एवढीशी पिल्लं काय शेकडो मैल चालत येणार? सापडली, तर तिथेच जन्मलेली. खडक भिजवून, धुऊन चाळला, तर पिल्लाचा एकही दात मिळेना. अनिका थीसिसमधला तो चॅप्टरच कॅन्सल करायला निघाली.

आणि माझ्या लक्षात आलं, चाळणी चुकली. टेक्ससच्या मातीला वापरतो ती एक मिलिमीटरची चाळणी मीच सवयीने घेतली होती. पिल्लाचा दात तिच्यातून सरळ खाली जाणार! नशीब, सिंक तुंबतं म्हणून चाळणीखालचा गाळ मी या बादल्यांत साठवते.

बॉसला जाऊन सांगितलं, चूक माझी, मला तो गाळ पुन्हा चाळू द्या.

"शुक्रवार म्हणजे शुक्रवार," ते म्हणाले.

"आज सोमवारच आहे," मी म्हटलं.

अर्ध्या मिलिमीटरची चाळणी घेतली. धुतलं, ट्रेमध्ये वाळवलं, मग चिमूट चिमूट मायक्रोस्कोपखाली. तांदूळ निवडतो ना, तसंच, फक्त बोटांऐवजी ओल्या ब्रशचं टोक. तीन बादल्यांत माशांची हाडं आणि कोळशाचे कण. "मावशी, let it go," अनिका म्हणाली. मी तिच्या हातात दुसरा ब्रश दिला.

गुरुवारी दुपारी, चौथ्या बादलीत, मोहरीहून बारीक काहीतरी चकाकलं. कडेला करवतीसारखे दाते. पिल्लाचा दात! मी खुर्ची सोडली, अनिकाला बसवलं. ती मायक्रोस्कोपवर वाकली.

"मावशी, don't breathe," ती म्हणाली. खरंच, फुंकरीने उडालं असतं.

बॉसनेही पाहिलं. मग विचारलं, "किती बादल्या राहिल्या?"

"तीन."

नवा माल हॉलवेमध्ये उतरला. अनिकाचा चॅप्टर राहिला. मी शिकले ते इतकंच: काही मिळालं नाही असं लिहिण्याआधी चाळणीची भोकं मोजावीत, आणि चाळणी आपलीच असेल तर तसं लवकर सांगून टाकावं. मला चार दिवस मिळाले, ते त्यामुळेच.