सरळ केलेले फोटो

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत चिदंबररावांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि चाळीस वर्षांत तिथे कोणी हसलं नव्हतं. ते हसूच द्यायचे नाहीत. पाठ ताठ, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत. स्थळांकडे पाठवायचे मुलींचे फोटो ही त्यांची खासियत. मुलगी कशीही बसो, चिदंबरराव तिला मागाहून सरळ करायचे, पूर्वी ब्रशनं, हल्ली संगणकावर. उडालेले केस पुसायचे, खांदे एका रेषेत आणायचे, दात दिसले तर ओठ मिटवायचे. "माझा एकही फोटो परत आला नाही," असं ते छाती फुगवून सांगत. मुली परत आल्या की नाही, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

पण आता कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशात. गिऱ्हाईक आटलं. दिवाळीपर्यंत नवं काम आलं नाही तर स्टुडिओला कुलूप, असं त्यांनी बायकोला, अंबुजाबाईंना, सांगूनही टाकलं होतं. तेवढ्यात कापडदुकानदार वैद्यनाथ आले. त्यांना सुती कुर्त्यांचे फोटो हवे होते, मॉडेलला घालून.

"कॅज्युअल पाहिजे, सार. जमलं तर वर्षभराचं काम तुमचं."

मॉडेल तिरुवैयारुची हरिप्रिया. घरात मराठी, तोंडात तमिळ. मोपेडवरून आली, चिदंबररावांचं स्टूल पायानं बाजूला सारलं, गुडघा वर घेऊन फरशीवर बसली आणि खदखदून हसली.

"अम्मा, जरा सरळ बसतीस का?"

"अय्यो अंकल, सरळ बसले तर कुर्ता कोण घेणार?"

चिदंबररावांनी वाद घातला नाही. बसू दे हिला हवं तसं, मागाहून पाहून घेऊ, असा विचार करून ते बटण दाबत राहिले. ती भिंतीला टेकली, पालथी पडली, मोकळ्या केसांतून बघत हसली. तिला तिचं काम उत्तम येत होतं. ते फक्त चिदंबररावांना दिसत नव्हतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी मान मोडून सुधारणा केली. केस आवरले, बाह्या खाली आणल्या, पाठ उभी केली, बाराही फोटोंतलं हसू मिटवलं. मग समाधानानं वैद्यनाथांना बोलावलं.

वैद्यनाथांनी एकेक फोटो पाहिला. "हिचं लग्न जमवायचं आहे का, सार?"

चिदंबररावांना वर्षभराचं काम हातातून जाताना दिसलं.

"मुळातले आहेत? की पुसले?" वैद्यनाथांनी विचारलं.

चिदंबररावांनी चोरून ठेवलेली वस्तू काढावी तसे मुळातले फोटो उघडले. वैद्यनाथ खुर्चीतून उठलेच. सगळे घेतले, वर्षाचं काम दिलं, आणि आनंदाच्या भरात बसस्टँडवर मोठा फलक लावून त्याच्या खाली चिदंबररावांचं नावही छापलं.

स्टुडिओ वाचला आणि अब्रू गेली. चिदंबरराव बाजाराला वळसा घालून जाऊ लागले. कोणी अभिनंदन केलं तर त्यांना वाटे, टोमणा मारतोय.

शेवटी अंबुजाबाईच त्यांना फलकापाशी घेऊन गेल्या. बराच वेळ त्या हसणाऱ्या हरिप्रियेकडे बघत राहिल्या.

"हे तुम्हीच काढलं की?"

"मीच. बसली ती तशी, मी काय करू?"

"आपली राजी पण अशीच हसायची."

राजलक्ष्मी, त्यांची एकुलती मुलगी. चौदा वर्षांपूर्वी वडिलांनी काढलेल्या फोटोवर तिचं लग्न जमलं, कोइंबतूरला. आता दर रविवारी तिचा फोन येतो. सगळं बरं आहे म्हणते आणि ठेवते.

"तिचा असा एक तरी फोटो हाय का घरी?" अंबुजाबाईंनी विचारलं.

घरी राजीचे अल्बमच अल्बम होते. प्रत्येक वाढदिवसाचा फोटो, प्रत्येक पोंगलचा. बसच्या भोंग्यांत उभं राहून चिदंबररावांनी ते सगळे मनातल्या मनात उलटून पाहिले. दर वेळी पोरगी हसायला लागे, आणि दर वेळी ते कॅमेऱ्यामागून ओरडत, "तोंड मिट, राजी."

"नाही," ते म्हणाले. त्यांना रडू आवरेना.