सरजामावशीचा दमा आणि माझा सल्ला

दवाखान्याच्या फाटकाशी म्हादू माळ्याची बैलबंडी थांबली. बंडीत त्याची वहिनी बसली होती, सरजामावशी. हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर ओढलेले, ओठ निळसर. दम्याचा जोर असला की माणसाला आडवं होता येत नाही, बसूनच एकेक श्वास मिळवावा लागतो. चारच दिवसांपूर्वी मी तिला बरी करून घरी पाठवलं होतं. त्या हिवाळ्यातली ही तिसरी खेप.

मी तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, अकोट तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात सब-असिस्टंट सर्जन होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. सहा बेड, एक कंपाउंडर आणि त्या सकाळी कपाटात अॅड्रेनॅलिनच्या तीन कुप्या. हे इंजेक्शन आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतं, पण थोडाच वेळ. नव्या कुप्या अकोल्याहून कधी येतील याचा भरवसा नव्हता. दुपारपर्यंत मावशीला दोन टोचाव्या लागल्या. उरली एक.

बाकीच्या बेडवरही असेच जुने खोकलेवाले. मागच्याच आठवड्यात अकोल्याचे सिव्हिल सर्जनसाहेब इन्स्पेक्शनला येऊन गेले होते. क्रॉनिक केस, म्हणजे वर्षानुवर्षांचं दुखणं, बेडवर ठेवायची नाही असा त्यांचा खाक्या. रजिस्टर चाळून म्हणाले, "डॉक्टर, ये दवाखाना है या धरमशाला?"

"साहेब, थंडी फार पडलीय."

"थंडी अकोल्यातही आहे. तीच तीच माणसं परत का येतात? महिन्याभराने येतो. कारण सांगा, नाही तर बेड रिकामे करा."

कारण माझ्याजवळ आहे अशी माझी ठाम समजूत होती. व्हरांड्यात थर्मामीटर लावून रोजचा आकडा मी रजिस्टरच्या कडेला लिहीत असे. पारा उतरला की दोन-तीन दिवसांत बेड भरत. वारा पडलेला असला तर जास्तच. गावात जिन होत्या, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढायचे कारखाने. गारठ्याच्या सकाळी त्यांच्या धुराड्यांचा धूर वर जात नसे, झाकणासारखा गावावर बसून राही. हे दिसत असूनही मी थंडीलाच गुन्हेगार ठरवलं होतं. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं: दारं लावून घ्या, ऊब धरून राहा.

म्हादूकडे पाहून मात्र मी घोटाळलो. त्याचा दमाही मावशीइतकाच जुना. तरी त्या हिवाळ्यात तो एकदाही दम लागून आला नव्हता.

"काका, तुम्हाला थंडी बाधत नाही?"

"आपुन त मळ्यात निजतो साहेब. खोपीत, घोंगडी घेऊन. घरात कोन निजते त्या धुपनात!"

"घरात धूर? कशाचा?"

"येऊन पाहा ना."

मी तसाच त्याच्या बंडीत बसलो. घर गावाच्या कडेला, मागे वांग्या-मेथीचा मळा. दार बंद. मावशीच्या सुनेने ते उघडलं आणि आतला धूर तोंडावर आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आत शेगडीत पऱ्हाट्या जळत होत्या, कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं. खिडकीत, छपराच्या कवेलूंच्या फटींत, दाराच्या भेगेत जिनमधली रुई ठासून भरलेली. शेगडीशेजारी मावशीची रिकामी बाज.

"हे कोणी केलं?"

"तुमीच त सांगतलं होतं डाक्टरसाहेब, आत्याबाईले थंडी लागू देऊ नका म्हनून," सून म्हणाली. "आमी एक फट बी सोडली नाई. शेगडी दिवसरात चालू हाय."

तिला शाबासकी हवी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी दवाखान्यात बरी होत होती आणि माझा सल्ला पाळायला घरी जात होती.

थंडी श्वासनळ्या आवळते हे खरंच. पण थंडी माणसाला धुरात कोंडतेही. मी पारा वाचला, घर नाही वाचलं.

रुई मी माझ्या हाताने उपसली. शेगडी अंगणात गेली. बाज मळ्याच्या बाजूच्या खिडकीशी सरकवली, अंगावर घ्यायला जाड वाकळ ठेवली. जिनचा सकाळचा धूर विरेपर्यंत मावशीने घराबाहेर पडायचं नाही, असं सुनेला तीनदा बजावलं.

चार दिवसांनी मावशीला डिस्चार्ज दिला आणि माझी झोप उडाली. त्याच आठवड्यात पारा त्या हिवाळ्यात नव्हता इतका खाली गेला. वारा ठप्प. कपाटात एकच कुपी. रोज सकाळी मी फाटकाकडे बघत बसे. आपण उलटं तर सांगितलं नाही? उघड्या खिडकीशी झोपवून म्हातारीला मारलं तर नाही?

पाचव्या दिवशी दुपारी बंडी आली. हाकायला म्हादू, मागे कोणीच नाही. संपलं सगळं.

"काका, मावशी?"

म्हादूने बंडीतून मेथीच्या जुड्या काढल्या. "वैनीनं धाडली. म्हने, डाक्टरसाहेबाले भाजी देऊन ये. ते खुडून राहिली मळ्यात."

मी पायरीवर बसलो, जुड्या मांडीवर घेऊन. कंपाउंडर काय झालं म्हणून धावत आला.

मग बाकीच्या खोकलेवाल्यांची घरं पाहिली. बहुतेकांनी माझं मनापासून ऐकलेलं होतं. तिथल्याही फटी मोकळ्या केल्या, शेगड्या अंगणात काढायला लावल्या.

साहेब ठरल्या दिवशी आले. तीन बेड रिकामे होते.

"कारण मिळालं?"

"मिळालं, साहेब."

"काय?"

"मी."

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. जिनच्या धुराबद्दलही मी बोललो. त्यावर ते म्हणाले, "ते आपल्या हातात नाही," आणि रजिस्टरवर सही केली. धुराडी पुढेही तशीच चालली आणि मावशीचा दमाही गेला नाही. पण त्या हिवाळ्यात चौथी खेप झाली नाही.

पुढच्या थंडीत ती खोकल्याचं औषध न्यायला आली. बाकावर शेजारी एक नवी बाई धापा टाकत बसली होती. मावशीने तिला समजावलेलं मला आतून ऐकू आलं.

"डाक्टराचं सारं आयकाव माय. पन आदी त्याले आपलं घर दाखवाव."