गप्प केलेल्या ओळी

हेमू गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या आमच्या ऑफिसात बिल्ड लावून बसलो होतो. घोलवडहून त्याची बहीण बोलत होती, "नितीनदादा, हेमू सकाळी चिकूच्या बागेत पडला... उठलाच नाही." त्याला आता दीड महिना झाला. आदल्या दिवशी डबा खाताना तो तिसऱ्यांदा म्हणाला होता, "छातीत जळजळतंय यार." मी हसून म्हटलं होतं, "भजी कमी खा."

आम्ही दोघं मच्छीमार बोटींसाठी प्रोग्राम लिहायचो. बोटीवरचं यंत्र आपलं ठिकाण कळवायचं, किनाऱ्यावर ते स्क्रीनवर दिसायचं. हा सगळा पसारा एका कमांडने बांधून काढायचा, म्हणजे बिल्ड करायचा, की स्क्रीनवर ओळींचा नुसता शिमगा. अमुक फाइल झाली, तमुक सुरू झाली, मधूनच एखादी धोक्याची सूचना. मला तो गोंगाट सहन होत नसे. २०१७ साली एका दुपारी मी सगळ्या सूचना एका फटक्यात बंद केल्या आणि स्वतःवर खूश झालो.

आठवड्याने वारा उठला. स्क्रीनवर सगळ्या बोटी खाडीत सुखरूप होत्या, मी फोनवर तसं ठणकावून सांगतही होतो. तेवढ्यात एका तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याची, बायको दारात येऊन उभी राहिली. "खाडीत कुठे हाय आमची बोट? मी तिथूनच येते!" हेमूने माझी बंदी उठवली, बिल्ड पुन्हा लावला आणि ओळ न् ओळ वाचत गेला... बाई दारातून हलेना. अखेर चूक सापडली. बोटींकडून येणाऱ्या निरोपांचे क्रमांक ठेवायची जागा अपुरी होती; ती भरली की नवा निरोप जुना समजून टाकला जायचा आणि स्क्रीनवर बोटीचं आधीचंच ठिकाण राहायचं. संगणक हे प्रत्येक बिल्डला सांगत होता, मीच त्याचं तोंड दाबलं होतं. दुरुस्ती होताच बोटीची खूण समुद्रात, बरीच आत उमटली. इंजिन बंद पडलेली ती बोट दुसऱ्या बोटींनी अंधार पडता पडता ओढून आणली.

आता हेमू शिव्या घालणार, असं मला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "आमच्याकडे चिकू हातात घेतल्याबिगर बाजूला टाकत नाय. आधी बघ, मग टाक." पुढे तीन महिने तो एकेक सूचना वाचत बसला. खरी असेल ती दुरुस्त केली, निरुपद्रवी तेवढीच कारण लिहून गप्प केली, आणि उरलेला गोंगाट एका फाइलीत वळवला. स्क्रीन पुन्हा शांत झाली. फक्त शेवटी त्याने घातलेला एक प्रश्न यायचा, त्याला 'हो' म्हटल्याशिवाय बिल्ड पुरा व्हायचा नाही. मी त्याला 'मास्तर' म्हणून चिडवायचो, आणि कित्येकदा न वाचताच 'हो' ठोकायचो.

परवा पुन्हा बिल्ड लावला. शेवटी ती ओळ आली, "नित्या, वाचलंस ना?"

जळजळतंय म्हणून तीनदा सांगितलं होतं त्याने मला... मी फाइल उघडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. 'हो' टाइप करायला हात उचलला, पण धजलो नाही. प्रश्न अजून स्क्रीनवर तसाच आहे.