बेटावरचं मतदान

आमच्या सोसायटीला आसपासचे लोक बेट म्हणत. कारेलीबागेच्या टोकाला, एका बाजूला विश्वामित्री आणि दुसऱ्या बाजूला नाला. दोन्ही चढले की आम्ही मधे. बडोद्यात राहून बेटावर राहायचा मान आम्हाला फुकट मिळालेला. एका ओळीतली घरं, एकमेकींना चिकटलेल्या गच्च्या, आणि त्या ओळीत मराठी घर आमचं एकच, पाच नंबरचं.

माझे सासरे सरकारी कचेरीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले होते. बाबांचा जगात कोणावर विश्वास नव्हता. कुठलाही आकडा ते अक्षरीच लिहीत, अगदी दूधवाल्याच्या कागदावरसुद्धा. एकाचे सात करायला कितीसा वेळ लागतो, म्हणायचे. त्या वर्षी नगरसेवकाची निवडणूक झाली तेव्हा तर त्यांच्या संशयाला उधाणच आलं. सोसायटीतल्या प्रत्येकाने ओट्यावर बसून शपथेवर सांगितलं होतं की या माणसाला आपलं मत नाही. तरी तो निवडून आला, आणि आमच्याच बूथवर त्याला भरघोस मतं पडली. पेट्या बदलल्या, बाबा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोसायटीचे चेअरमन त्या नगरसेवकाच्या खास मर्जीतले, त्यामुळे चोर शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही.

त्याच पावसाळ्यात पाणी आलं आणि तळमजले बुडाले. आम्ही सगळे गच्च्यांवर. पाऊस थांबला होता, पण पाणी हलत नव्हतं; चहाच्या रंगाचं, नुसतं उभं होतं. कुत्री भुंकेनाशी झाली होती. सकाळी फाटकाजवळ एक ओंडका दिसला, आणि थोड्या वेळाने तोच ओंडका फाटकाच्या आत होता. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यात कोणाला सांगावं लागत नाही. आम्ही मुलांना जिन्यापासून ओढून घेतलं आणि त्यानंतर सगळेच हळू आवाजात बोलू लागलो.

दुपारच्या आत बचावाची होडी दुधाच्या पिशव्या देऊन गेली. होडीवाला म्हणाला, दुपारी एक फेरी होईल, जागा एकाच घरापुरती आहे, कोण येणार ते तुम्ही ठरवून ठेवा. यात ठरवायचं काय होतं? शेवटच्या घरातल्या सुनेचे दिवस भरले होते. तिचा नवरा रिफायनरीच्या पाळीवर गेलेला, तिकडेच अडकला होता. सकाळपासून ती पाण्याच्या टाकीला टेकून, डोळे मिटून बसली होती आणि मधूनच ओठ चावत होती. पहिली तीच जाणार, असं एकूण एक जण म्हणाला. पण चेअरमनच्या आईला दमा होता, कोणाला हृदयाचा त्रास होता, आणि माझी दोन वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली होती.

चेअरमन म्हणाले, तर मग ठरलं. तिथे बाबा उठले. चेअरमन आयत्या वेळी आपल्या आईला होडीत बसवणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ते म्हणाले, "असं तोंडी नको. चिठ्ठ्या टाका, घरटी एक. आणि उघडताना माझी सून शेजारी उभी राहील."

सगळे लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की माझ्या अंगावर काटा आला.

चिठ्ठ्या माझ्याच पोह्याच्या डब्यात पडल्या. चेअरमन एकेक उघडायचे, मला दाखवायचे आणि पुन्हा दुमडायचे. पहिलीवर शेवटचं घर नव्हतं; चिठ्ठी टाकणाऱ्याचाच घर नंबर असावा, असं मला वाटलं. तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीला खात्री पटली. प्रत्येकीवर वेगळा नंबर, कोणताही नंबर दुसऱ्यांदा येईना. चेअरमनचं घरही आलं. शेवटच्या घराला एकच मत पडलं, त्या घराचं स्वतःचं. सगळे आकडे गुजरातीत होते. एकाच चिठ्ठीवर आकडा नव्हता. तिथे देवनागरीत, वर सरळ रेघ ओढून, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: पाच.

मला राग यायला हवा होता. आधी बरं वाटलं, माझ्या लेकीसाठी. आणि मग भीती वाटली. सगळी गच्ची आमच्याकडे बघत होती आणि एकाही चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. ओट्यावर शपथा घेतानाही हेच चेहरे होते. पेट्या कोणी बदलल्याच नसतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाले, "बधी चिठ्ठीमां एक ज घर छे. छेल्लुं घर." आणि मला विचारलं, "बराबर ने, बेन?"

सगळ्या चिठ्ठ्यांत एकच घर, शेवटचं. माझ्या शेजारी उभा असलेला प्रत्येक माणूस जाणत होता की हे खोटं आहे, आणि तसं म्हणायची एकालाही सोय नव्हती. मी म्हणाले, "बराबर."

त्यांनी डबा कठड्यावरून पाण्यात उलटा केला. पण पाणी वाहत कुठे होतं! चिठ्ठ्या जिन्यापाशीच तरंगत राहिल्या, आणि भिजल्या तशा एकेक करून हळूहळू उघडायला लागल्या. कठड्याशी उभे होते ते एक एक पाऊल मागे सरले. बाबा सगळ्यात आधी. होडी आली तेव्हा शेवटच्या घरातल्या सुनेला आम्ही त्या उघड्या चिठ्ठ्यांमधूनच उतरवलं. होडीवाल्याने वल्ह्याने त्या बाजूला सारल्या आणि कसले कागद आहेत, असं विचारलं.

तिला मुलगा झाला, दोघं सुखरूप परतली, पेढे वाटले गेले. माझ्या मुलीचा तापही उतरला. बाबांनी मला एकदाच विचारलं, "सगळ्या पाहिल्यास?" मी हो म्हणाले. ते चष्मा पुसत बसले.

पेट्या बदलल्याचं त्यानंतर आमच्या ओट्यावर कोणी बोललं नाही. सोसायटीची वार्षिक सभा व्हायची, चेअरमन तेच. दरवर्षी ते अगदी सौजन्याने विचारायचे, कोणाचा विरोध असेल तर चिठ्ठ्या टाकूया का? खुर्च्यांवर कोणी हलायचं नाही. मग ते हात वर करायला सांगायचे, आणि पहिला हात बाबांचा वर जायचा.