फवारणीच्या पंपावर चाललेला फोन

प्रयागकाकूंच्या घराला माझी भिंत लागून आहे, म्हणून छातीठोकपणे सांगतो, अशी घायकुती बाई अख्ख्या जैनथ मंडलात, म्हणजे आमच्या तालुक्यात, दुसरी नाही! त्या दिवशी मी त्यांना हसलो. आता त्याची लाज वाटते.

दुपारी गल्लीतले सगळे फोन एकदम किंचाळले. अतिवृष्टी, पुराचा इशारा, नदीकाठच्यांनी सावध राहावं. मेसेज मराठीत होता. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणात. फोन मात्र पलीकडचा, महाराष्ट्रातला टॉवर पकडतात. आपल्यासाठी असता तर तेलुगूत आला असता, असं म्हणून असे मेसेज आम्ही पुसून टाकतो.

"माय, तो तिकडच्या लोकायसाठी हाय," काकूंचा मुलगा नागेश म्हणाला.

"नदी तं एकच हाय ना! काऊन बसून राह्यला? ऑटो आन!"

घाईचं कारण घरातच होतं. सून मयूरीचा नववा महिना भरत आला होता. नाल्याच्या पुलावर पाणी चढलं की आदिलाबादच्या दवाखान्याचा रस्ता बंद. "आत्याबाई, अजून पंधरा दिवस हायत," मयूरी कुरकुरली. काकूंनी तिचे रिपोर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि नवरा-बायको दोघांना ऑटोत बसवलंच.

मग घराकडे मोर्चा वळला. राशन कार्ड, जमिनीचे कागद बांधून माळ्यावर. पिण्याचं पाणी भरून झाकलं. टॉर्च, फोन चार्जिंगला. शेवटी कपाशीवरच्या फवारणीच्या पंपाची बॅटरीही चार्जिंगला लावली. तिच्यावर मोबाइल चार्ज करायची सोय नागेशने शेतासाठी करून ठेवली होती.

"काकू, पुरावर फवारनी करता का?" मी विचारलं.

"हासून घे!"

चार वाजता आभाळ फाटलं. लाइट गेली. पाचला पूल पाण्याखाली!

सकाळी गल्लीतले सगळे फोन मेलेले, काकूंचा तेवढा पंपाच्या बॅटरीवर जिवंत. नऊला तो वाजला आणि आम्ही सगळे त्यांच्या ओसरीवर धावलो. काकूंनी स्पीकर लावला.

"माय! पोरगी झाली! दोघी चांगल्या हायत!" नागेश ओरडत होता. "डॉक्टर म्हने, घरी असती तं कठीन होतं."

मागून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि ओसरीवर एकच कल्ला झाला. मी तर नाचलोच! कालपासून सगळ्यांना हुकूम सोडणाऱ्या काकू मात्र फोन दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. नागेश विचारत राहिला, "माय, आयकू येते का?" आणि काकूंनी तो फोन हळूच गालाशी धरला.