आमोसभाऊंनी न लिहिलेला शेरा

तालुक्याच्या गावच्या म्युनिसिपालिटीत आमोसभाऊ बावीस वर्षं कारकुनी करून हेडक्लार्क झाले, ते मिशनच्या शाळेत घोटलेल्या अक्षरावर. त्या अक्षरानंच सगळा घोळ केला. झाडूवाल्या बायकांना लिहिता येईना, म्हणून त्यांचा महागाई भत्त्याचा अर्ज रविवारी चर्चच्या पायरीवर बसून आमोसभाऊच लिहीत. सोमवारी तोच अर्ज त्यांच्याच टेबलावर येई आणि त्यावर शेराही तेच मारत : ‘अंदाजपत्रकात तरतूद नाही. दप्तरी दाखल.’ लढाई सुरू झाल्यापासून असे चार अर्ज आणि चार शेरे. आता बोला!

चव्वेचाळीसच्या जानेवारीत पाचवा अर्ज टेबलावर आला, त्याच दिवशी गोजरबाई झाडू दाराबाहेर ठेवून आत शिरली.

“आमोसभाऊ, मागच्या अर्जाचं काय झालं? वाचा की.”

त्यांनी वाचलं.

“ह्ये बी तुमीच लिवलं?”

“कामच आहे माझं, बाई. बाहेरून माल येईना, जकात निम्म्यावर आलीय. पैसा आणू कुठून? भत्ता मलाही नाही.”

“तुमास्नी पगार साठ, आमाला अकरा. जवारी दोगांला येकाच भावानं.”

आमोसभाऊ उखडले. राग स्वतःवरचा, निघाला तिच्यावर. “मग काय, म्युनिसिपालिटी विकू?”

“इकू नगा. येवढंच सांगा. राकेल मिळंना म्हून वरीसभर निम्मे दिवे पेटले न्हाईत. पहाटं अंधारात गटारीत पाय घालून आमी झाडतो. मग त्या तेलाचा पैका जळतो कुठं?”

आमोसभाऊंनी वही काढली. दिवाबत्तीच्या सदरात नऊशे रुपये पडून. दर महिन्याचा आकडा त्यांच्याच अक्षरात, आणि एकदाही डोक्यात प्रकाश पडला नाही!

वही घेऊन ते चीफ ऑफिसर रंगनाथरावांकडे गेले.

“साहेब, हे पैसे भत्त्याकडे वळवता येतील.”

“येतील हो. पुढच्या वर्षी रॉकेल मिळालं, दिवे लागले, मग? दिलेला भत्ता काढून घेता येतो का कुणाचा? उद्या शाळामास्तर येतील, परवा नाक्यावरचे शिपाई. तरतूद नाही म्हणून लिहा आणि मोकळे व्हा.”

चिडायची गोष्ट ही, की रंगनाथराव खोटं बोलत नव्हते. पण अकरा रुपयांत बाई जगते कशी, याचा हिशेबही कुठल्या सदरात नव्हता.

आमोसभाऊंनी टाक दौतीत बुडवला, झटकला आणि खाली ठेवला. शेऱ्याशिवाय कागद दप्तरी दाखल होत नाही. तो सभेपुढेच न्यावा लागतो. कोऱ्या समासाचा तो अर्ज त्यांनी तसाच सभेच्या कागदांत घातला. वर दिवाबत्तीच्या पानाची नक्कल टाचली.

सभासद तीन तास भांडले. दरमहा माणशी तीन रुपये मागितले होते, दीड मंजूर झाला, तोही लढाई संपेपर्यंतच. आमोसभाऊंची वार्षिक पगारवाढ रंगनाथरावांनी रोखली.

रविवारी गोजरबाई पायरीवर हजर.

“दीडच? आन् ऱ्हायलेला दीड?”

“बसा. नवा अर्ज लिहू.”

“आन् त्याच्यावर शेरा?”

“ते काम साहेबांनी माझ्याकडून काढून घेतलंय.”

“बरं झालं,” गोजरबाई पदर सावरून बसली. “आता अर्जात जरा जोर घाला.”